मोरस : एका बेटाच्या नांवाचा इतिहास



छत्रपति संभाजीनगराहून दक्षिणेस पैठणकडे जो रस्ता जातो, त्यावर चितेगांव आहे. रस्ता कांहीं फार लांबीचा नव्हे. परंतु स्थलनामांचा विचार करणाऱ्याला त्याच्या दोन टोकांशीं दोन निरनिराळे धडे मिळतात. उत्तरेकडील शहर प्रथम खडकी या नांवानें वसलें. मलिकंबरानें १६१० च्या सुमारास तेथें आपली राजधानी थाटली. त्याचा मुलगा फत्तेखान याच्या नांवावरून तें फत्तेनगर झालें. १६५३ सालीं औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतां तें औरंगाबाद झालें. आणि २०२३ सालीं सरकारी आज्ञेनें तें छत्रपति संभाजीनगर झालें. या प्रत्येक नांवामागें एक सत्ता आहे, एक आज्ञा आहे आणि बहुधा एक सालहि आहे. दक्षिणेकडील टोकाला पैठण आहे. त्याचें नांव कोणीं व कोणत्या सालीं बदललें, असें विचारलें तर उत्तर देतां येणार नाहीं. ‘प्रतिष्ठान’ हा भारदस्त संस्कृत शब्द पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या जिभेवर घोळला, झिजला आणि ‘पैठण’ झाला. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत त्याचें ‘पैठाना’ असेंच रूप येतें. म्हणजे सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच जिभेनें आपलें काम पुष्कळसें उरकलें होतें.

स्थलनामें अशीं दोन जातींचीं असतात. एक हुकुमाचीं आणि दुसरीं जिभेचीं. बहुतेक ठिकाणीं या दोन जाती एकमेकींत अशा मिसळून जातात कीं त्या निराळ्या काढणें कठीण पडतें. परंतु हिंदी महासागरांत एक लहानसें बेट असें आहे कीं जेथें त्या स्वच्छ वेगळ्या दिसतात. आणि त्या बेटाचा आपल्या महाराष्ट्राशीं, विशेषतः कोंकणाशीं, रक्ताचा संबंध आहे. तें बेट म्हणजे मॉरिशस. मुंबईपासून तें साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि त्याचें क्षेत्रफळ सुमारें १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एकदोन तालुक्यांएवढेंच आहे. फ्रेंचांनीं त्याला ‘ईल द फ्रान्स’, म्हणजे ‘फ्रान्सचें बेट’, असें नांव दिलें होतें. त्या नांवाचा अर्थ काय, तें दख्खनच्या इतिहासांत कसें शिरलें, पुढें कसें लोपलें, आणि तें लोपल्यावर मराठी माणसाच्या तोंडीं ‘मोरस’ हें जें नांव बसलें तें कोणत्या वाटेनें आलें, याचा आज आपण विचार करूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. युरोपीय लोक येण्यापूर्वीं या बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. जेथें वस्ती असते तेथें जेता नवें नांव देतो खरा, पण जुनें नांव जाणणारीं माणसें मागें उरलेलीं असतात व तीं आपसांत तेंच नांव चालवितात. येथें तसें कोणीच नव्हतें. जो आला त्यानें कोऱ्या पाटीवर लिहावें तसें नांव लिहिलें, आणि पुढचा आला त्यानें तें पुसलें.

अरब खलाशांना हीं बेटें ठाऊक होतीं. १५०२ सालच्या प्रसिद्ध पोर्तुगीज नकाशावर या भागांत ‘दीना आरोबी’ असें नांव आढळतें. त्यांतील ‘दीना’ हें आपल्या ‘द्वीप’ शब्दाचेंच बदललेलें रूप असावें, असें मत विद्वानांनीं मांडलें आहे. पोर्तुगीज नकाशांवर पुढें ‘सिर्ने’ हें नांव आलें. ज्या द्वीपसमूहांत मॉरिशस मोडतें त्याला आजहि ‘मास्कारीन बेटें’ म्हणतात. तें नांव पेद्रु मास्कारेन्यश या पोर्तुगीज दर्यावर्दीचें होय. हाच गृहस्थ उतारवयांत गोव्यास व्हाइसरॉय म्हणून आला आणि १५५५ सालीं गोव्यांतच वारला. गोव्यांत आजहि त्याचें आडनांव लावणारीं कुटुंबें आहेत. म्हणजे या बेटांच्या नांवाचा एक धागा आरंभापासूनच आपल्या किनाऱ्याशीं बांधलेला आहे.

१५९८ सालीं वलंदेजांचीं, म्हणजे डच लोकांचीं, जहाजें तेथें लागलीं. त्यांनीं आपला अधिपति नासौचा राजपुत्र मॉरिस याच्या नांवावरून बेटाला ‘मॉरिशस’ असें लॅटिन वळणाचें नांव दिलें. वलंदेजांनीं तेथें ऊंस नेला, जावामधील हरणें नेलीं, एबनीचीं काळीं झाडें तोडलीं. आणि डोडो नांवाचा जो उडतां न येणारा पक्षी केवळ त्याच बेटावर होता, तो त्यांच्याच अमदानींत नाहींसा झाला. त्यांची वसाहत कांहीं टिकली नाहीं. १७१० सालीं ते बेट सोडून गेले आणि पांच वर्षें तें पुन्हां ओसाड पडलें.

१७१५ च्या सप्टेंबरांत फ्रेंच कप्तान द्यूफ्रेन दार्सेल यानें फ्रान्सच्या राजाच्या नांवानें बेटाचा ताबा घेतला आणि त्याचें नांव ‘ईल द फ्रान्स’ असें ठेवलें. हें नांव पाहतांक्षणीं सोपें वाटतें. पण त्यांत एक गंमत आहे. फ्रान्स देशांतच या नांवाचा एक प्रांत फार पूर्वींपासून आहे आणि त्याच्या मध्यावर पॅरिस शहर वसलें आहे. तो प्रांत समुद्रापासून दूर, पूर्ण भूमीनें वेढलेला. मग त्याला बेट कां म्हणावें? सेन, मार्न, वाझ व एन या नद्यांनीं त्या भूमीला वेढलें आहे म्हणून, असा बहुतेक जाणत्यांचा खुलासा आहे.

मराठी श्रोत्यांना हा खुलासा चमत्कारिक वाटण्याचें कारण नाहीं. आपणहि ‘बेट’ हा शब्द केवळ समुद्रांतील भूमीलाच लावतों असें नाहीं. गोदावरीच्या काठीं ‘कोपरगांव बेट’ आहे. घोड आणि कुकडी या नद्यांमधील शिरूर तालुक्याच्या प्रदेशाला तेथील लोक ‘बेट भाग’ म्हणतात. आणि बांबूंच्या दाट जाळीलाहि आपण ‘बांबूचें बेट’च म्हणतों. गंगा-यमुनांमधील मुलखाला मराठ्यांचे सरदार ‘अंतर्वेद’ म्हणत, तशांतलाच हा प्रकार. फ्रेंचांच्या राजसत्तेचें मूळ ठाणें त्यांच्या या अंतर्वेदींत होतें. तेव्हां त्या कप्तानानें जें नांव दिलें त्याचा अर्थ नुसता ‘फ्रान्सच्या मालकीचें बेट’ एवढाच राहत नाहीं. राजाच्या खास मुलखाचें नांव त्यानें समुद्रापलीकडच्या भूमीवर नेऊन रोवलें. आणि गंमत अशी कीं, घरीं जें नांव रूपकानें बेट होतें, तें तेथें अक्षरशः बेट झालें.

या नव्या नांवाला वजन आलें तें १७३५ पासून. त्या सालीं ला बूर्दोने हा गव्हर्नर म्हणून आला. त्यानें पोर्ट लुई बंदर बांधलें, गोदी उभारली, रस्ते व इस्पितळ केलें, आणि वाटेंतल्या एका थांब्याचें आरमारी ठाणें बनविलें. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आलेलीं जहाजें येथें डागडुजी करीत, धान्यपाणी भरीत आणि मग पुदुच्चेरीची वाट धरीत. १७४६ सालीं याच बेटाहून आरमार घेऊन ला बूर्दोने निघाला व त्यानें इंग्रजांचें मद्रास घेतलें. हा सारा व्याप ज्यांच्या पाठीवर उभा राहिला तीं माणसें मात्र आफ्रिका व मादागास्कर येथून धरून आणलेले गुलाम होते, हें विसरतां कामा नये.

या आरमारी ठाण्याच्या बळावर फ्रेंचांची जी सत्ता दक्षिण हिंदुस्थानांत उभी राहिली, तिचा पाय पांच वर्षांतच औरंगाबादेस येऊन पोंचला. १७५१ च्या जून महिन्यांत सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर स्थिर करण्यासाठीं द ब्युसी हा फ्रेंच सेनानी आपलें कवायती पायदळ आणि तोफा घेऊन शहरांत शिरला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, चंद्रग्रहणाच्या रात्रीं, कुकडीच्या काठीं त्याच्या फौजेनें नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. दोन वर्षांनीं औरंगाबाद येथेंच त्यानें सलाबतजंगाकडून पूर्वकिनाऱ्यावरचे चार सरकार आपल्या फौजेच्या खर्चासाठीं लिहून घेतले. १७५८ सालीं याच शहरांत त्याचा दिवाण हैदरजंग मारला गेला आणि त्या दंग्यांत ‘मआसिर-उल-उमरा’ या ग्रंथाचा कर्ता शाहनवाजखान यालाहि प्राणास मुकावें लागलें.

ब्युसीला मराठी कागदांत ‘मुसा बुसी’ म्हटलेलें आढळतें. ‘मुसा’ हें कांहीं त्याचें नांव नव्हे; फ्रेंचांत नांवापूर्वीं ‘मस्य’ असा जो आदरवाचक शब्द लावतात, त्याचा हा मराठी अवतार. पुढें निजामाच्या पदरीं असलेला रेमां हाहि ‘मुसा रेमू’ झाला. फ्रेंच लोकांना आपण ‘फरासीस’ म्हटलें, डचांना ‘वलंदेज’ म्हटलें. कवायती शिपायाला ‘गारदी’ हें जें नांव पडलें तेंहि बहुधा पहारेकरी या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरूनच. आणि पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूनें लढलेला इब्राहिमखान गारदी हा ब्युसीच्याच हाताखालीं तयार झालेला होता. हे शब्द कोणा पंडितानें घडविले नाहींत. छावणींत, बाजारांत, चौकीवर कानीं जें पडलें तें मराठी जिभेनें आपल्या सोयीनें उच्चारलें. पुढें ‘मोरस’ शब्दाच्या बाबतींत हीच गोष्ट पुन्हां घडावयाची होती.

ब्युसी म्हातारपणीं, १७८२ सालीं, पुन्हां हिंदुस्थानाकडे निघाला तेव्हां त्याचा मुक्काम कांहीं महिने ईल द फ्रान्स येथेंच पडला होता. तेथून तो पूर्वकिनाऱ्यावर उतरला व १७८५ सालीं पुदुच्चेरीस वारला. मधल्या काळांत इंग्रजांच्या दृष्टीनें हें नांव धोक्याची घंटाच होऊन बसलें होतें. १७९८ च्या जानेवारींत टिपू सुलतानाचे वकील बेटावर पोंचले. तेथील गव्हर्नर मालार्तिक यानें टिपूच्या साहाय्यास स्वयंसेवक पाहिजेत असा जाहीरनामाच काढला. शंभराच्या आंतबाहेर माणसें निघालीं, मंगळुरास उतरलीं; पण त्या जाहीरनाम्याचा कागद वेलस्लीच्या हातीं पडला आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या युद्धासाठीं त्याला हवें तें निमित्त मिळालें. सुर्कूफसारखे फ्रेंच जहाजमारू याच बेटाच्या आश्रयानें इंग्रजांचीं व्यापारी जहाजें लुटीत.

या सुमारास खुद्द फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली आणि नांवांवर मोठें संकट कोसळलें. शेजारच्या बेटाचें उदाहरण फार बोलकें आहे. फ्रान्सच्या राजघराण्यावरून त्याचें नांव ‘बूर्बों’ होतें. १७९३ सालीं राजाचा शिरच्छेद झाला, तेव्हां त्या बेटाला ‘रेयुनियों’, म्हणजे ‘मीलन’, असें नवें नांव दिलें गेलें. मार्सेयचे स्वयंसेवक आणि पॅरिसचें राष्ट्रीय रक्षकदल यांनीं १७९२ च्या ऑगस्टमध्यें राजवाड्यावर मिळून चाल केली, तिचें तें स्मरण. १८०६ सालीं तेंच बेट ‘बोनापार्त’ झालें; इंग्रजांनीं घेतल्यावर पुन्हां ‘बूर्बों’ झालें; आणि १८४८ सालीं फ्रान्समध्यें दुसऱ्यांदा प्रजासत्ताक आलें तेव्हां परत ‘रेयुनियों’ झालें. पंचावन्न वर्षांत एका बेटाच्या नांवाचीं इतकीं स्थित्यंतरें! तेथें राबणाऱ्या माणसाच्या रोजच्या भाकरींत या नामांतरांनीं काय फरक पडला असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

‘ईल द फ्रान्स’ हें नांव मात्र क्रांतींतून वांचलें. कारण त्यांत राजाचा नव्हे, देशाचा उल्लेख होता. त्याचा शेवट इंग्रजांनीं केला. १८०९ सालीं त्यांनीं जवळचें रॉड्रिग्ज बेट घेऊन तेथें तळ दिला. त्या तुकडींत गोऱ्या पलटणीबरोबर मुंबई पायदळाचे हिंदी शिपाईहि होते. १८१० च्या ३ डिसेंबरला ईल द फ्रान्सनें शरणागति पत्करली आणि १८१४ च्या पॅरिसच्या तहानें तें कायमचें इंग्रजांकडे गेलें. इंग्रजांनीं ‘फ्रान्सचें बेट’ हें नांव ठेवणें शक्यच नव्हतें. त्यांनीं वलंदेजांचें शंभर वर्षांपूर्वींचें ‘मॉरिशस’ हें नांव पुन्हां वर काढलें.

येथें खरी मौज आहे. शरणागतीच्या करारांत इंग्रजांनीं तेथील रहिवाशांचा धर्म, कायदे व रीतिरिवाज अबाधित ठेवण्याचें वचन दिलें होतें. त्यामुळें झेंडा बदलला, पण घरांतली, मळ्यांतली आणि बाजारांतली भाषा बदलली नाहीं. मळ्यांचे मालक फ्रेंचच राहिले. गुलामांच्या व त्यांच्या वंशजांच्या तोंडीं फ्रेंचांतून उपजलेली क्रिओल राहिली. सरकारी कागदावर ‘मॉरिशस’ आलें खरें. परंतु फ्रेंच माणूस त्याच नांवाचा उच्चार आपल्या पद्धतीनें ‘मोरिस’ असा करूं लागला, आणि क्रिओल बोलींतहि तें ‘मोरिस’च झालें. हुकूम इंग्रजांचा, पण जीभ फ्रेंचांची, असा हा तोडगा निघाला.

१८३५ च्या १ फेब्रुवारीला तेथें गुलामगिरी रद्द झाली. ऊंस तोडावयास माणसें हवीं होतीं. म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानांतून करारबंद मजूर नेण्यास आरंभ झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अशीं सुमारें साडेचार लाख माणसें त्या बेटावर उतरलीं. बहुसंख्य लोक कलकत्ता व मद्रास येथून गेले. पण मुंबई बंदरांतूनहि जहाजें गेलीं आणि त्यांतून रत्नागिरीकडील व आसपासच्या प्रदेशांतील मराठी माणसें गेलीं. ज्यांच्या शेतांत वर्षाचा दाणा पिकत नव्हता, ज्यांच्या डोक्यावर सावकाराचें कर्ज होतें, तीं तीं. कराराचा कागद वाचतां येणारा त्यांच्यांत क्वचितच असेल.

हीं माणसें उतरलीं तेव्हां बेटाचें नांव त्यांनीं नकाशावर वाचलें नाहीं. मुकादमाच्या, खलाशाच्या, मळेवाल्याच्या तोंडून ऐकलें. ‘मोरिस’ हा उच्चार भोजपुरी जिभेवर ‘मिरिच’ झाला आणि आपल्याकडे व गुजरातेंत ‘मोरस’ झाला. या दोन्ही रूपांत इंग्रजी ‘मॉरिशस’चें शेंपूट नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. शब्दाचा आवाज फ्रेंच मुखांतूनच आलेला दिसतो. ‘मिरिच’चा संबंध कांहीं भाविक मंडळी रामायणांतील मारीचाशीं जोडतात. रामबाणानें मारीच समुद्रांत दूर फेंकला गेला ही कथा मजुरांना मुखोद्गत होती आणि समुद्रापार फेंकलें जाणें म्हणजे काय हें तेहि अनुभवीत होते. तेव्हां त्यांच्या मनांत ही सांगड बसली यांत नवल नाहीं. शब्दाच्या इतिहासाचा मात्र तिला आधार नाहीं.

‘मोरस’ शब्दाची कथा येथेंच संपत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मॉरिशसची पांढरी दाणेदार साखर मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बाजारांत उतरूं लागली. ती ‘मोरस साखर’ या नांवानें विकली जाई, आणि हळूहळू ‘मोरस’ म्हणजेच पांढरी साखर असा अर्थ रूढ झाला. गुजराती घरांतून तो शब्द आजहि ऐकूं येतो. जुन्या मराठी बोलण्यांतहि तो होता. असें होणें अपूर्व नाहीं. मिस्र, म्हणजे इजिप्त, या देशावरून खडीसाखरेला ‘मिस्री’ नांव मिळालें आणि चीन देशावरून उत्तर हिंदुस्थानांत साखरेला ‘चिनी’ म्हणतात. परंतु मोरसच्या बाबतींत एक कटु गोष्ट आहे. ज्या कोंकणांतून ऊंस तोडावयास माणसें गेलीं, त्याच कोंकणांतील घरांत सणावारीं तीच साखर येत असेल. बेटाचें नांव साखरेच्या गोणीवर बसून परत आलें. गेलेल्यांपैकीं पुष्कळसे मात्र परत आले नाहींत. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, पुढें जावाची साखर आली, मग आपल्याकडेच ऊंस व कारखाने वाढले. आणि ‘मोरस’ हा शब्द मराठी स्वयंपाकघरांतून बहुतेक निघून गेला.

आतां तिकडे राहिलेल्या मराठी माणसांकडे वळूं. त्यांना ज्या गांवांत राहावें लागलें त्यांचीं नांवें फ्रेंच होतीं आणि तीं आजहि तशींच आहेत. ‘कात्र बोर्न’ म्हणजे चार शींवेचे दगड. चार मळ्यांच्या हद्दी जेथें मिळतात ती जागा. आपण तिला चतुःसीमा म्हटलें असतें. ‘वाक्वा’ हें नांव तेथल्या एका झाडाचें. आणि तें झाड आपल्या केवड्याच्या जातीचें आहे. कोंकणांतून आलेल्या बाईला तीं लांब कांटेरी पानें पाहून खाडीकांठची केतकी आठवली असेल, पण नांव तिला वाक्वा असेंच घ्यावें लागलें. ‘रिव्हिएर न्वार’ म्हणजे काळी नदी. त्या जिल्ह्यांतील कास्काव्हेल या गांवीं मराठी मंडळींची जुनी वस्ती आहे. भाद्रपदांत तेथें गणपति बसतात, मिरवणुकीनें विसर्जन होतें, आणि कोंकणांतील जाखडी तेथें ‘झाकरी’ या नांवानें अजून नाचली जाते. गणेशचतुर्थीला त्या देशांत सार्वजनिक सुट्टी असते.

नांवें लादण्याचा व्यवहार एकाच बाजूनें झाला असें मात्र नाहीं. फ्रेंच बोलणाऱ्यांनीं हिंदी माणसाला सरसकट ‘मालबार’ म्हटलें. मलबार किनारा कोठें आणि बिहार कोठें! उलट हिंदी लोकांनींहि आपले शब्द त्या भूमींत रुजविले. पोर्ट लुई बंदरांत १८४९ सालीं मजुरांना उतरवून घेण्याचें जें आवार बांधलें गेलें, त्याला ‘कुली घाट’ म्हणत. फ्रेंच राजाच्या नांवाच्या शहरांत ‘घाट’ हा आपला शब्द पायऱ्यांना चिकटून बसला. पुढें तुच्छतादर्शक ‘कुली’ शब्द काढून ‘आप्रवासी घाट’ असें त्याचें नांव केलें आणि २००६ सालीं त्याची जागतिक वारशांत गणना झाली. ‘ग्रां बासें’, म्हणजे मोठा तलाव, म्हणून जें डोंगरमाथ्यावरचें सरोवर आहे, त्याला हिंदु यात्रेकरूंनीं आधीं ‘परी तलाव’ म्हटलें. १९७२ सालीं त्यांत गंगोत्रीचें जल मिसळलें गेलें, आणि आज ‘गंगा तलाव’ हेंच त्याचें नांव रूढ आहे. येथें जिभेचें नांव पुढें हुकुमाचेंहि झालें.

सर्वांत मोठी किंमत माणसांच्या व त्यांच्या मूळ गांवांच्या नांवांना द्यावी लागली. उतरलेल्या प्रत्येक मजुराची नोंद मोठाल्या वह्यांत केली जाई. नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, जिल्हा, जहाज आणि एक आंकडा. पुढें पुढें छायाचित्रहि. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेल्या आहेत. लिहिणारा कारकून परभाषी, सांगणारा निरक्षर. कानाला जें लागलें तें रोमन अक्षरांत उतरलें. पणजोबाचें पाळण्यांतलें नांव, कारकुनानें लिहिलें तसें, घराण्याचें आडनांव झालें. पुढच्या पिढ्यांची घरची भाषा क्रिओल झाली; मराठी पूजेंत, गाण्यांत आणि शाळेच्या वर्गांत राहिली. १२ मार्च १९६८ रोजीं बेट स्वतंत्र झालें आणि तेथील मराठी वंशजांच्या मनांत आपलें मूळ शोधण्याची ओढ वाढली, तेव्हां त्यांच्या हातीं पुरावा म्हणून होती ती वहींतली एक ओळच.

त्या ओळींतील गांवाचें नांव वाचावें कसें? इंग्रज ज्याला ‘घेरिया’ म्हणत तें आपलें विजयदुर्ग. ज्याला ते ‘वारी’ म्हणत ती सावंतांची वाडी. बाणकोटला त्यांनीं ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ केलें होतें, आणि ठाण्याला ते ‘टान्ना’ लिहीत. प्रसिद्ध स्थळांचा छडा लागतो; परंतु एखाद्या वाडीचें, पाड्याचें, खाडीपलीकडच्या दहा घरांचें नांव असेल तर? तें नांव आज गांवच्या दप्तरांत निराळ्या रूपांत असेल. म्हातारीं माणसें जें उच्चारतात तेंच कदाचित् वहींतील अक्षरांशीं जुळेल. त्या म्हाताऱ्या माणसांबरोबर तो उच्चार गेला, कीं समुद्रापलीकडून येणाऱ्या पणतूला दार दाखविणारें कोणी राहत नाहीं.

म्हणून स्थलनामांच्या वादांत केवळ कोणतें नांव असावें एवढाच प्रश्न विचारून भागत नाहीं. राज्यें आपल्या मतीप्रमाणें नांवें ठेवतील आणि बदलतील. तें आजपर्यंत होत आलें व पुढेंहि होईल. पाटीवरचें नवें नांव ज्यांना प्रिय आहे त्यांनीं तें अभिमानानें घ्यावें. परंतु प्रत्येक गांवाचीं जुनीं नांवें, वाड्यावस्त्यांचीं नांवें, शिवारांचीं, पाणवठ्यांचीं, टेकड्यांचीं नांवें, आणि लोक तीं कशीं उच्चारतात तें, हें सर्व लिहून ठेवण्याचें काम कोणत्याहि पक्षाच्या मताआड येत नाहीं. त्यासाठीं मोठा निधि लागत नाहीं; गांवच्या शाळेंतील शिक्षक, एक वही आणि ऐकून घेण्याची इच्छा एवढें पुरें. ‘ईल द फ्रान्स’ हें नांव राजाच्या कप्तानानें दिलें आणि पंचाण्णव वर्षांत तें तेथून नाहींसें झालें. ‘मोरस’ हें नांव कोणीं दिलें हें कोणालाच सांगतां येणार नाहीं; पण तें ऐकलें कीं त्या बेटाची वाट, तेथला ऊंस आणि तो तोडणारीं आपलीं माणसें अजून ओळखतां येतात.